दहा दिवसांत किती रामेन, आणि कोणतं कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा दिवसांचा जपान दौरा, त्यात पाच दिवस टोकियो, दोन क्योटो, तीन फुकुओका. रोज तीन ठिकाणी रामेन खायचं म्हणता, आणि इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्यांपैकी कोणती यादी धरावी असं विचारता. सोबत पत्नी आहेत, त्या चिकन-मासे खातात, पण डुकराचं मांस खात नाहीत.

रोज तीन पूर्ण वाडगे झेपणार नाहीत, हे आधीच सांगतो. पोटाला कदाचित झेपतील, जिभेला नाही. साध्या वाडग्यात कच्च्या वजनाने 130 ते 150 ग्रॅम नूडल्स आणि 300 मिलिलिटरच्या आसपास सूप असतं. सगळं सूप प्यायलं तर पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. एवढं मीठ आणि एवढी चरबी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी सूपं सारखीच लागायला लागतात. पाचव्या दिवशी तुम्ही दुकानं 'उरकत' असाल. म्हणून मी दिवसाला एक पूर्ण आणि एक अर्धा वाडगा, मध्ये पाच-सहा तासांचं अंतर, एवढंच धरतो. सूप अर्धंअधिक मागे ठेवलं तरी चालतं, त्यात दुकानदाराचा अपमान नाही. नूडल्स मात्र टाकायच्या नाहीत, ते खरंच वाईट दिसतं. बीपी असेल तर सूप चार-पाच चमचे चाखून सोडून द्या.

याद्यांबद्दल माझं मत असं की त्यांतली दुकानं बहुतेक चांगलीच असतात, पण एका यादीत बरीचशी दुकानं त्या वर्षी चलती असलेल्या एकाच धाटणीची निघतात. तीच धाटणी चार ठिकाणी खाऊन फरक कळायला बरीच सवय लागते. नवख्या माणसाने दुकानं क्रमांकावरून न निवडता एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते पाहून निवडावीत. लागोपाठच्या दोन वाडग्यांत एखादीच गोष्ट बदलेल असं जमवता आलं तर फारच उत्तम, कारण मग ती गोष्ट जिभेवर स्पष्ट उमटते.

वेगळेपण कशात पाहायचं? वाडग्यात पाच गोष्टी असतात. तळाशी 'तारे', म्हणजे चव आणि मीठ देणारा दाट अर्क, साधारण 30 मिलिलिटर. तो सोया सॉसचा असला तर शोयु, मिठावर बेतलेला असला तर शिओ, आणि मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, असला तर मिसो. त्यावर सुगंधी तेल किंवा चरबी. मग उकळतं सूप. मग निथळलेल्या नूडल्स. शेवटी वरची सजावट: चाशू म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, मेन्मा म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब, पात, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पानं, अंडं. लक्षात घ्या, शोयु, शिओ आणि मिसो ही 'तारे'ची नावं आहेत, तर तोन्कोत्सु हे डुकराच्या हाडांच्या सूपाचं. 'शोयु आवडतं की तोन्कोत्सु' हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे, कारण तोन्कोत्सु सूपात शोयु तारे घातलेली दुकानं भरपूर आहेत. योकोहामाची इएकेइ धाटणी नेमकी तीच.

सूपाचे दोन मोठे मार्ग आहेत. हाडं मंद आचेवर, जोरात उकळू न देता ठेवली की सूप नितळ राहतं, त्याला चिंतान म्हणतात. तीच हाडं तासन् तास खळाखळा उकळली की हाडांतलं जिलेटिन सुटतं, चरबी बारीक कणांनी पाण्यात मिसळून जाते आणि सूप दुधासारखं पांढरं होतं, ते पाइतान. तोन्कोत्सु हे डुकराच्या हाडांचं पाइतान, आणि कोंबडीचं केलं तर तोरी पाइतान. शिवाय समुद्री बाजू असते: कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ, कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, आणि निबोशी म्हणजे वाळवलेले छोटे मासे. निबोशीचा भडक वास अनेक परदेशी पाहुण्यांना खपत नाही. ज्याच्या घरी सुकट भाजली जाते त्याला मात्र तो ओळखीचाच वाटेल, म्हणून टोकियोत एक निबोशी दुकान तुम्ही जरूर धरा.

नूडल्सकडे लोक फार कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते नुकसान तिथेच होतं. पिठाच्या शंभर भागांना पाणी किती, यावर सगळं ठरतं. हाकाताच्या, म्हणजे फुकुओकाकडच्या, बारीक सरळ नूडल्समध्ये पाणी तीस टक्क्यांच्या खाली-वर असतं, त्यामुळे त्या मिनिटभराच्या आत शिजतात, पण सूपही भराभर शोषतात आणि काही मिनिटांत मऊ पडतात. उत्तरेकडच्या किताकाता गावच्या चपट्या, वळणदार नूडल्समध्ये पाणी चाळीस टक्क्यांच्या वर जातं, त्या तुळतुळीत राहतात आणि जास्त वेळ टिकतात. फोटोसाठी चार मिनिटं घालवली तर किताकातात फार बिघडत नाही, हाकातात वाडगा वाया जातो. एक फोटो काढा, लगेच चॉपस्टिक्स उचला, आणि दहा-बारा मिनिटांत संपवा. गप्पा बाहेर मारायच्या.

चाखण्याचा क्रम मी असा ठेवतो. काहीही न ढवळता एक चमचा सूप वरून, म्हणजे तवंगासकट. दुसरा चमचा तवंग बाजूला सारून खालून. या दोन घोटांतला फरक म्हणजे त्या दुकानाचं सुगंधी तेल. मग चार-पाच नूडल्स सूपाच्या वर धरून, फारसं सूप न लागता. त्यानंतर नेहमीसारखं सुर्रकन ओढून खायचं. हा आवाज तिथे असभ्य नाही, ओढताना हवेबरोबर वास नाकात चढतो आणि नूडल थोडी निवते. जमत नसेल तर बळेच करू नका, कपड्यांवर शिंतोडे उडतील. टेबलावरची मिरपूड, व्हिनेगर, लसूण, तिखट मिसो अर्धा वाडगा संपेपर्यंत बंद ठेवा. लसूण एकदा पडला की त्या सूपाबद्दल पुढे काही कळत नाही, आणि दिवसाचा दुसरा वाडगाही त्यात जातो. शेवटी सूप कोमट झाल्यावर एक घोट पुन्हा घ्या, तेव्हा मीठ खरं किती आहे ते समजतं.

पहिल्यांदा जाताना 'सगळं वर घातलेलं' महागडं तिकीट काढू नका. चाशूचे पाच काप आणि नोरीची सहा पानं सूप थंड करतात आणि चव झाकतात. दुकानाचं साधं, मूळ रामेन घ्या, फार तर एक अंडं. तिकिटाच्या यंत्रावर हा पदार्थ बहुधा डावीकडे सर्वांत वरच्या बटणावर असतो.

यंत्राबद्दल थोडं सविस्तर, कारण गोंधळ इथेच होतो. बऱ्याच दुकानांत दारातच तिकीट यंत्र असतं, आणि त्यातली जुनी यंत्रं फक्त हजार येनच्या नोटा आणि नाणी घेतात. दहा हजाराची नोट घेऊन रांगेत उभे राहिलात तर मागची माणसं खोळंबतात. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, काही यंत्रांना त्या अजून चालत नाहीत. त्यामुळे खिशात हजारच्या जुन्या-नव्या दोन्ही नोटा आणि थोडी शंभरची नाणी ठेवा. वाडगा साधारण 900 ते 1300 येनला पडतो, फुकुओकात त्याहून स्वस्त मिळतो. यंत्रावर जास्तीच्या चाशूचं किंवा भाताचं वेगळं बटण असतं, चुकून तेवढंच दाबलं जातं. फोनच्या भाषांतर कॅमेऱ्याने बटणं आधी वाचून घ्या. तिकीट आधी की रांग आधी, हे दुकानागणिक बदलतं. दारावर लिहिलेलं असतं, नसेल तर पुढचा माणूस काय करतो ते पाहा. रांगेत एकाने जागा धरायची आणि बाकीच्यांनी नंतर यायचं, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही.

तिकीट काउंटरवर ठेवतानाच काय बदल हवा ते सांगायचं, नंतर नाही. 'मेन सुकुनामे दे' म्हटलं की नूडल्स कमी घालतात, पैसे बहुधा तेवढेच राहतात. अर्ध्या वाडग्याची सोय हीच. इएकेइ दुकानात तीन गोष्टी विचारतात: नूडल्स किती कडक, चव किती तीव्र, चरबी किती. पहिल्या खेपेला तिन्हींना 'फुत्सु', म्हणजे नेहमीचं, म्हणा, म्हणजे दुकानाला काय अभिप्रेत आहे ते कळेल. जिरो धाटणीच्या दुकानात 'लहान' वाडग्यातही 300 ग्रॅमच्या आसपास नूडल्स असतात. तिथे नूडल्स कमी करून मागितल्याशिवाय बसूच नका.

एका माणसाला एक वाडगा, हा नियम आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानांत कडक असतो. दोघांत एक वाडगा चालत नाही, आणि न खाणाऱ्याने शेजारची खुर्ची अडवणंही चालत नाही. तुमच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पत्नींना जिथे खाता येणार नाही, तिथे त्यांना आत बसता येणार नाही. अशी दुकानं तुम्ही एकट्याने, त्या दुसरं काही पाहत असताना उरकावीत.

त्यांच्यासाठी काय? चाशू काढून टाका, म्हणजे 'चाशू नुकि दे', असं सांगता येतं, पण त्याने सूपातलं डुक्कर जात नाही. आणि चिकनच्या सूपातही ते दडलेलं असू शकतं, कारण अनेक दुकानं चाशू ज्या सोया सॉसमध्ये शिजवतात तोच पुढे तारे म्हणून वापरतात. सुगंधी तेलही बऱ्याचदा डुकराच्या चरबीचं असतं. म्हणून 'तोरी' वाचून निश्चिंत होऊ नका. पाळायचं कितपत काटेकोर आहे, ते घरीच ठरवा. फक्त मांसाचा तुकडा नको असेल तर तोरी पाइतान किंवा शिओ दुकानात चाशू काढून भागेल. अंशही नको असेल तर हलाल किंवा व्हीगन दुकानंच धरा. टोकियो स्टेशनात केइयो स्ट्रीटवर 'टीज तानतान' हे पूर्ण व्हीगन दुकान आहे, तिळाच्या दाट सूपाचं तानतान मेन तिथली खासियत. ते तिकीट फाटकाच्या आत आहे, त्यामुळे गाडी धरायच्या दिवशी जाणं सोयीचं. पण लक्षात ठेवा, व्हीगन म्हणजे कांदा-लसूणरहित नव्हे. आणि गोमांस टाळत असाल तर 'ग्युकोत्सु' हा शब्द ओळखा, ते गाईबैलांच्या हाडांचं सूप असतं. ते मुख्यतः तोत्तोरीकडे मिळतं, तुमच्या वाटेवर क्वचितच येईल.

आता दिवसांची मांडणी. टोकियोत सुरुवात नितळ शोयुने करा. ओगिकुबोमधलं हारुकिया 1949 पासूनचं, निबोशीचा वास असलेलं जुन्या टोकियो वळणाचं दुकान आहे. तिथून तुम्हाला मोजपट्टी मिळते, पुढचं सगळं त्याच्या तुलनेत जोखता येतं. दुसऱ्या दिवशी त्सुकेमेन, म्हणजे नूडल्स वेगळ्या आणि बुडवायचं दाट सूप वेगळं. हा प्रकार लोकप्रिय करणारे काझुओ यामागिशी यांनी 1961 मध्ये हिगाशी-इकेबुकुरोला ताइशोकेन काढलं. त्सुकेमेनच्या नूडल्स जाड असतात, शिजायला बराच वेळ घेतात आणि गार पाण्यात धुतल्या जातात, म्हणून थांबायची तयारी ठेवा. वाडगा मोठा असतो, त्या दिवशी दुसरं रामेन नको. शेवटी उरलेल्या दाट अर्कात 'सुप-वारि' मागा, ते गरम सूप घालून पिण्याजोगं करून देतात. तिसरा दिवस निबोशी आणि संध्याकाळी एखादं हलकं चिकन शिओ.

चौथा दिवस शिन-योकोहामा रामेन म्युझियमला द्या. 1994 मध्ये उघडलेलं हे ठिकाण स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर आहे, आणि तळघरात निरनिराळ्या प्रांतांतली दुकानं शेजारी शेजारी आहेत. इथेही मोठ्या माणसाने प्रत्येक दुकानात एक वाडगा घ्यायचा नियम आहे, पण त्यासाठीच छोटा वाडगा मिळतो. तीन छोटे वाडगे एकाच दुपारी खायची हीच एक जागा, तुमची 'रोज तीन'ची हौस इथे भागवा. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी नितळ शिओ किंवा शोयु, मग मिसो, शेवटी तोन्कोत्सु. उलट केलं तर तोन्कोत्सुनंतर शिओ म्हणजे नुसतं गरम पाणी वाटतं. मिसो सप्पोरोच्या वळणाचं असेल तर वरचा चरबीचा थर सूप झाकून गरम राखतो, वाफही दिसत नाही. पहिला घोट फुंकून घ्या. जीभ भाजली की पुढचे दोन दिवस वाया. पाचवा दिवस इएकेइ किंवा जिरो, दोन्हींपैकी एकच.

क्योटोबद्दल लोकांचा समज असतो की तिथलं रामेन सौम्य असेल. तसं नाही. क्योटो स्टेशनपासून थोड्या चालीवर ताकाबाशीला शिनपुकु साइकान आणि होन्के दाइइची-आसाही ही दोन जुनी शोयु दुकानं अगदी लागून आहेत. शिनपुकुचं सूप काळपट दिसतं, आसाहीचं पातळ आणि पातीने भरलेलं. दोन्ही सकाळी लवकर उघडतात. एका सकाळी हे, दुसऱ्या सकाळी ते, असं केलंत तर शोयुतला फरक जितका चांगला कळेल तितका मला दुसरीकडे कुठे दाखवता येत नाही. आधी शिनपुकु घ्यायचं की आसाही, याने काही बिघडत नाही. दोन दिवसांत आणखी काही खायचं असेल तर इचिजोजी भागातलं एखादं दाट चिकन सूप.

फुकुओकात तीन दिवस तोन्कोत्सु. इथे 'काएदामा', म्हणजे त्याच सूपात नूडल्सची दुसरी खेप, समजून घ्या. पहिल्या नूडल्स कमी असतात, कारण जास्त घातल्या तर अर्ध्या मऊ पडतील. थोड्या उरल्या असताना काएदामा मागा, आणि तोवर सूप पिऊन टाकू नका, ही नेहमीची चूक. शिजलेल्या नूडल्सबरोबर थोडं पाणी येतं, सूप फिकं पडतं, म्हणून टेबलावर 'तारे'ची बाटली असते, त्यातलं चमचाभर घाला. पहिल्या नूडल्स 'काता' म्हणजे कडक आणि काएदामा 'फुत्सु' मागितला तर एकाच सूपात दोन्ही जोखता येतात. 'हारिगाने' वगैरे अतिकडक प्रकार जवळजवळ कच्चे असतात, त्यात पिठाचीच चव लागते, मी ते सुचवत नाही.

एक दिवस कुरुमेला जा, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. 1937 मध्ये नान्किन सेनर्यो या गाड्याने तोन्कोत्सुची सुरुवात तिथे केली असं मानतात. तिथल्या काही दुकानांत भांडं पूर्ण रिकामं करत नाहीत, जुन्या सूपात नवं भरत राहतात, त्याने वास गडद आणि काहीसा उग्र होतो. म्हणून फुकुओकातलं हाकाता-नागाहामा वळणाचं आधी, कुरुमे नंतर. संध्याकाळच्या याताइ गाड्यांवर रामेन शेवटी घ्यायचं, आधी काहीतरी छोटं खायचं-प्यायचं, आणि पाऊस-वारा असला तर गाडे लागत नाहीत. या तीन दिवसांत पत्नींचं खाणं वेगळं ठरवा, तोन्कोत्सु दुकानात त्यांच्यासाठी सहसा काही नसतं. फुकुओकात मासे आणि उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स, उत्तम मिळतात.

वेळा सांभाळा. दुपारचा उघडा काळ साधारण अकरा ते अडीच, मग सुट्टी, पुन्हा साडेपाच-सहानंतर. अकराला उघडणाऱ्या दुकानापाशी पावणेअकराला पोचा, नाहीतर दीडनंतर जा. फार उशीरही नको, बरीच दुकानं सूप संपलं की बंद करतात. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी, अचानक सुट्टी दुकानाच्या इन्स्टाग्राम किंवा एक्सवर कळते, नकाशावर बऱ्याचदा नाही. त्यामुळे प्रत्येक दुकानासोबत दहा मिनिटांच्या चालीवरचं दुसरं एक हेरून ठेवा. सूटकेस घेऊन जाऊ नका, स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. टिप द्यायची नाही. उठताना वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, जागा पुसायची आणि 'गोचिसोसामा देश्ता' म्हणायचं.

नोंदी ठेवायच्या असतील तर दुकानाबाहेर पडल्याबरोबर पाच शब्द लिहा: तारे, सूप, तेल, नूडल्स, मीठ. 'भारी होतं' लिहिलंत तर आठव्या वाडग्यानंतर कोणतं भारी होतं ते आठवणार नाही. तुमच्या तारखा आणि टोकियोत राहायचा भाग कळवला, आणि डुक्कर किती काटेकोर टाळायचं ते सांगितलंत, तर निबोशी आणि चिकन शिओची दुकानं त्या भागातली सुचवतो.